दुसरी माझी

"दुसरी माझी ना?" एवढंच दादाने लिहून पाठवलं. मिनिटभराने खाली आणखी एक ओळ आली, "बेंड घेताना धरलेला स्वर खाली बसतोय बघ." बेंड म्हणजे दाबलेली तार आडवी ढकलून स्वर वर चढवणं. मी त्याला दोन तुकडे पाठवले होते, वीस-वीस सेकंदांचे. फ्रेज, म्हणजे सुरांचं छोटं वाक्य, एकच, गिटारी दोन. नावं दिली नव्हती, नुसतं 'एक' आणि 'दोन'. त्याने ते कसे ऐकले असतील ते मला न बघताही सांगता येईल: फोनच्या स्पीकरवर, हातातलं काम न सोडता, बहुतेक एकदाच. तेच तुकडे मी हेडफोन लावून, डोळे मिटून, दहा-बारा वेळा ऐकले होते. आणि माझं अगदी पक्कं ठरलं होतं की 'एक' म्हणजे दादाची जुनी गिटार आणि 'दोन' म्हणजे माझी नवी.

माझीच रेकॉर्डिंग आणि मलाच कळू नये, असं कसं झालं ते सांगते. आठवडाभर आधी मी दोन्ही गिटारी एकाच बैठकीत वाजवल्या होत्या. अ‍ॅम्पचे नॉब हलवायचे नाहीत, दोन्हींवर मानेकडचाच पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारं चुंबक आणि वेटोळं), पिक तीच, वायर तीच. नंतर दोन्ही तुकड्यांचा आवाज मोजून सारखा केला, मागचंपुढचं कापलं आणि मुद्दामच नावं पुसली. आठ दिवस त्या फाइलींकडे वळूनही पाहिलं नाही. कान ताजा राहावा म्हणून. आठ दिवसांनी ऐकलं तेव्हा 'दोन' मला लगेच आवडला. त्यात गोलाई होती, वजन होतं. 'एक' जरा धारदार, कडक. मग काय, नवी ती भारी, असं मनाने परस्पर ठरवूनही टाकलं. दादाचा निरोप आल्यावर मात्र राहवेना. कापण्याआधीच्या मूळ फाइली उघडल्या, शेवटचा स्वर विझल्यानंतरची तीन-चार सेकंदं निवडली आणि आवाज पार वर नेला. 'एक'च्या शेपटीत शांतता होती. 'दोन'च्या शेपटीत तो ओळखीचा भुंगा होता, दादाच्या गिटारच्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपचा हम.

दादा बरोबर होता.

ही गिटार दादाने घेतली तेव्हा मी शाळेत होते. स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची, तीन सिंगल कॉइल, तारा जिथे अडकवतात तो ब्रिज मागे स्प्रिंगांवर तरंगणारा. तो दार लावून वाजवायचा आणि मी दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून बसायचे. आत यायला बंदी होती असं नाही, पण मी आत गेले की तो थांबायचा, आणि तो थांबलेला मला नको असायचा. त्यामुळे त्याचं जवळजवळ सगळं वाजवणं मी लाकडी दारातून ऐकलं आहे. दारातून ऐकलं की वरची टोकं गळून पडतात आणि मधला भाग तेवढा येतो. मला अजूनही गिटारचा आवाज थोडा दाबलेला असला की आपलासा वाटतो, त्याचं मूळ त्या दारात असणार. पुढे त्याचं वाजवणं सुटलं. भांडण नाही, दुखापत नाही, काही नाही. नुसतं सुटलं. घरं बदलताना गिटार माझ्याकडे आली तेव्हा तो म्हणाला, "अधूनमधून वाजवत जा हिला, नाहीतर गंजेल." परत कधी मागितली नाही आणि मीही कधी 'नेतोस का' असं विचारलं नाही. नवी घेतली तेव्हा त्याला सांगायला मला दोन महिने लागले.

नवी गिटार लेस पॉलच्या घडणीची. मांडीवर घेतली की पहिल्यांदा तिचं वजन कळतं, मग आवाज. दोन हंबकर, घट्ट बसवलेला ब्रिज, जाड अंग. या दोन घडणींचं वय पाहिलं तर दोघी जवळपास बहिणीबहिणीच: लेस पॉल १९५२ची, स्ट्रॅटोकास्टर १९५४ची. लेस पॉलला सुरुवातीला हंबकर नव्हते, पी-नाइन्टी होते, म्हणजे तेही सिंगल कॉइलच. हंबकर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५च्या सुमारास तयार केला आणि १९५७ पासून तो त्या गिटारीत आला. त्याची कल्पना मला आजही सुंदर वाटते. तारेचं एक वेटोळं भोवतालच्या विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण टिपतं, हे टाळता येत नाही. मग दुसरं वेटोळं शेजारी ठेवायचं, त्याच्या चुंबकाची दिशा उलट करायची आणि ते विरुद्ध बाजूने जोडायचं. बाहेरून आलेली गुणगुण एकातून सुलटी आणि दुसऱ्यातून उलटी येते आणि एकमेकींना खाऊन टाकते. गिटारच्या तारेचा आवाज मात्र दोन्हींतून सुलटाच येतो आणि दुप्पट होतो. त्याचं नावच त्याचं काम: हम बक करणारा, हमला झुंज देणारा. पण गुणगुण घालवताना वरचा काही चकचकाटही जातो, कारण दोन वेटोळी तारेला दोन वेगळ्या जागी ऐकतात आणि मोठ्या वेटोळ्यातून अगदी उंच सूर तसेही दबूनच येतात. हंबकरला 'जाड' म्हणतात ती जाडी या वजाबाकीतून आलेली आहे.

सिंगल कॉइलवाल्याला हमशी जुळवून घ्यावं लागतं. दादाची गिटार घेऊन मी अ‍ॅम्पसमोर बसले की पहिलं मिनिट त्यातच जातं. गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवणारा नॉब, चढवला की भुंगा सुरू होतो. मग खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू डावीकडे वळायचं. भुंगा वाढतो. उजवीकडे. कमी होतो, आणखी कमी होतो, आणि एका कोनाला जवळजवळ नाहीसा होतो. त्या कोनाच्या जरा पुढे गेलं की परत. माझ्या खोलीत तो कोन खिडकीच्या डाव्या चौकटीकडे तोंड केल्यावर सापडतो. त्यामुळे जुनी गिटार वाजवताना मी कायम त्या चौकटीकडे बघत असते आणि नवी वाजवताना कुठेही. कुणाला हे क्षुल्लक वाटेल. पण एकीने मला बसायची जागा नेमून दिली आहे आणि दुसरीने नाही, एवढ्यानेही वाजवण्यात काहीतरी बदलतंच. जुन्या गिटारवरचं माझं वाजवणं खिडकीतल्या उजेडातलं आहे.

टोनची तुलना करायची म्हणून मी एक वही केली आहे. सुरुवातीच्या पानांवर सगळीकडे 'वॉर्म', 'ब्राइट', 'क्रंची', 'मडी' असे शब्द दिसतात. जो तो तेच वापरतो, मीही वापरले. पण काही महिन्यांनी मागे जाऊन वाचलं तर एकाही शब्दावरून तो आवाज परत कानात येईना. मग मी ते खोडले आणि आपल्या तोंडातले शब्द शोधायला लागले. त्याने कान उघडला, हे मी मनापासून सांगते. ब्रिजकडच्या सिंगल कॉइलला मी 'किनरा' लिहिलं, आणि लिहिल्याबरोबर लक्षात आलं की तो किनरा असला तरी कर्कश नाही, हे दोन वेगळे आहेत. मानेकडच्या सिंगल कॉइलला 'टपोरा', पावसाचे सुटे मोठे थेंब असतात तसा. हंबकरला मानेकडे 'भरदार' आणि ब्रिजकडे 'घोगरा, पण दाणेदार', म्हणजे आवाज बसलेला असूनही प्रत्येक सूर सुटा कळणारा. स्ट्रॅटवर स्विच दोन पिकअपच्या मध्ये ठेवल्यावर जो आवाज येतो त्यासाठी शब्द सापडायला मला महिना लागला. शेवटी लिहिलं, 'पोकळ बांबूतून आलेला'. या आवाजाची गोष्टही मोठी गोड आहे. मूळ स्ट्रॅटला स्विचची तीनच ठिकाणं होती. वाजवणाऱ्यांना कळलं की स्विच दोन ठिकाणांच्या मध्ये नेमका अडकवून ठेवला की दोन पिकअप एकदम चालू राहतात आणि एक वेगळाच आवाज मिळतो. लोक वर्षानुवर्षं तो स्विच असा मध्येच अडकवून वाजवत राहिले, आणि पाच ठिकाणांचा स्विच कारखान्यातूनच यायला १९७७ उजाडलं. तिची सगळ्यात ओळखीची छटा तिच्या आराखड्यात नव्हतीच. लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत, हे आठवलं की मला हे जास्तच पटतं. त्यांनी घडवून दिली, आणि तिच्यात काय काय आहे ते हातांनी शोधून काढलं.

जुन्या गिटारच्या पानावर, टपोराच्या खाली, मी एक शब्द तीनदा लिहून तीनदा अधोरेखित केला होता. 'डळमळीत.'

मला तो डळमळीतपणा पिकअपचा वाटायचा. लांब धरलेल्या स्वरात, खास करून बेंडमध्ये, एक बारीक लाट यायची, पाण्यात काठी वाकडी दिसते तसा स्वर वाकडा व्हायचा. स्ट्रॅटच्या बाबतीत याचं एक कारण सगळे सांगतात आणि ते खरंही आहे: पिकअपचे चुंबक तारांच्या फार जवळ असले तर तारेला खेचून धरतात, तिला मोकळं हलू देत नाहीत, आणि जाड तारांवर वरच्या फ्रेटना स्वर फाटल्यासारखा होतो. उपाय सोपा, पिकअप खाली घ्यायचे. मी घेतले. जाड तारा लगेच स्वच्छ झाल्या. पण बेंडमधली लाट राहिली ती राहिलीच. मग तारा बदलल्या, मग वायर. मग 'हिचा स्वभावच तो' असं म्हणून सोडून दिलं. माणसांचं करतो तसंच.

दादाच्या त्या एका ओळीनंतर मी गिटार मांडीवर घेतली आणि ती फ्रेज अगदी सावकाश वाजवून पाहिली. तिच्यात एक युनिसन बेंड आहे. बी-च्या तारेवर पाचव्या फ्रेटला ई धरून ठेवायचा, जी-च्या तारेवर सातव्या फ्रेटला डी घ्यायचा आणि ती तार वर ढकलत ढकलत तिलाही ई-पर्यंत न्यायचं. दोन तारा, एकच स्वर. जुळला की अंगावर येतो. ई म्हणजे साधारण ३३० हर्ट्झ. एक तार ३३० वर आणि दुसरी ३२७ वर असली तर सेकंदाला तीन लाटा ऐकू येतात, दोन स्वर भांडत असल्यासारख्या. मी ट्यूनर लावला, बी-ची तार एकटीच छेडली आणि ती वाजत असतानाच शेजारची जी-ची तार न छेडता नुसती वर ढकलली. ट्यूनरची सुई खाली आली. हात सोडला, वर गेली. पुन्हा ढकलली, पुन्हा खाली. ज्या तारेला मी हात लावत नव्हते ती तार उतरत होती.

कारण मागच्या झाकणाखाली आहे. तरंगत्या ब्रिजवर समोरून सहा तारा ओढत असतात आणि मागून स्प्रिंगा, आणि तो बिचारा दोघांच्या मध्ये तोल सांभाळून उभा असतो. एक तार ढकलली की तिचा ताण वाढतो, ब्रिज केसभर पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच तारा तेवढ्याच सैल पडतात. म्हणजे धरलेला स्वर खाली बसतो. नव्या गिटारचा ब्रिज घट्ट आहे, तिथे शेजारच्या तारेला काही कळत नाही. इतकी वर्षं मी जिला टोन म्हणत होते, पिकअपच्या खात्यावर टाकत होते, ती स्प्रिंगांची हालचाल होती. आणि ती फोनच्या स्पीकरवरही ऐकू येते, कारण तिथे खर्ज नसला, गोलाई नसली, तरी स्वर उतरला तर उतरलाच.

मग मला टोनबद्दलच्या माझ्या बाकीच्या सगळ्या नोंदींची शंका यायला लागली. वही उघडून एकेक पान तपासत बसले. नवी गिटार 'भारी' म्हणून पहिल्या महिन्यात मी पानंच्या पानं भरली होती, पण तेव्हा मी आवाज सारखा करत नव्हते. हंबकर मुळातच मोठा वाजतो, आणि थोडा मोठा आवाज कानाला मोठा म्हणून कळत नाही, चांगला म्हणून कळतो. त्यातून आवाज वाढला की खर्ज जास्त भरून येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की हळू आवाजात आपला कान खालचे सूर कमी ऐकतो. म्हणजे मी दोन गिटारींची नव्हे, दोन आवाजांची तुलना करत होते. आणि या वेळी 'एक' धारदार वाटला त्याचं कारण तर माझ्या समोरच पडलं होतं. नव्या गिटारच्या तारा मी रेकॉर्डिंगच्या तीनच दिवस आधी बदलल्या होत्या. जुनीच्या तारा कित्येक महिन्यांच्या, बोटांच्या घामाने मंद झालेल्या. नव्या कोऱ्या तारांनी हंबकरला चमक दिली आणि जुन्या तारांनी सिंगल कॉइलला गोलाई. पिकअप, लाकूड, वार्निश यांवर लोक रात्र रात्र बोलतात, मीही बोलले आहे, आणि तारांचं पाकीट कचऱ्याच्या डब्यात पडलेलं असतं.

याचा अर्थ फरक नाहीत असं मी मुळीच म्हणणार नाही. फरक आहेत आणि मला ते जिवापाड आवडतात. सिंगल कॉइलच्या गिटारला बहुधा २५० किलोओहमचे नॉब लावतात आणि हंबकरला ५०० किलोओहमचे, एवढ्यानेही वरचे सूर कमी-जास्त होतात. नॉब सातवर आणला की नुसता आवाज कमी होत नाही, धारही बोथट होते. लांब वायर वरचे सूर पिते. अ‍ॅम्पचा बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर येऊच देत नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर डिस्टॉर्शन कानात काचेसारखं टोचलं असतं. हे सगळं मला कळतं, मोजता येतं, वहीत मांडता येतं. नॉब सातवरून आठवर नेल्यावर स्वराच्या तोंडावरचा पडदा बाजूला व्हावा तसं जे होतं, त्यासाठी मी अर्धी संध्याकाळ खर्च करते आणि ती वाया गेली असं मला कधी वाटत नाही. माझी बोच वेगळीच होती. मी जी फ्रेज दोन्हींवर वाजवून त्यांना पारखत होते, ती फ्रेज मुळात कुणाची?

ती दादाची होती. दाराबाहेर बसून उचललेली.

आता हाताकडे बघा. स्ट्रॅटची तार नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत साडेपंचवीस इंच, लेस पॉलची पावणेपंचवीस. पाऊण इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण त्याच जाडीची तार त्याच स्वराला लावायची तर लांब गिटारवर ताण सुमारे सहा टक्क्यांनी जास्त लागतो. बोटाला तो कळतो. जुन्या गिटारवर बेंड घेताना मला अनामिकेच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी दोन्ही लावावी लागतात, मनगट वळवावं लागतं आणि स्वर गाठायला जरा वेळ लागतो. त्या वेळात तो स्वर 'येतोय, येतोय' असा वाटत राहतो. नव्या गिटारवर तोच बेंड बोट उचलण्याआधी पोचलेला असतो. मग मी तिथे थांबत नाही, पुढे धावते. जुनीवर मी कमी स्वर वाजवते, मोकळ्या तारा जास्त वाजू देते, पिक तारेला अलगद लावते, कारण ती प्रत्येक स्पर्श जसाच्या तसा सांगते, चुकलेलाही. नवीवर स्वर लांब टिकतो, त्यामुळे मला गप्प बसता येतं, पुढचा स्वर घ्यायची घाई नसते, आणि तळहाताने तारा दाबून खालचे कॉर्ड ठोकले की पोटात घुमतं. हे मी ठरवून करत नाही. गिटार मांडीवर आली की पाच मिनिटांत हात आपोआप तिच्यासारखा होतो. आणि मी काय करत होते? दोघींना एकच वाक्य पाठ करायला लावून, कुणाचा आवाज चांगला ते ठरवत होते. तेही वाक्य एकीच्याच घरातलं.

एका रात्री मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जुन्या गिटारच्या मागचं झाकण उघडलं. आत तीन स्प्रिंगा होत्या, पाच बसतील एवढी जागा. दोन स्प्रिंगा वाढवल्या आणि दोन्ही स्क्रू आवळले की ब्रिज लाकडाला टेकतो आणि बेंड घेताना पुढे येत नाही. अर्ध्या तासाचं काम. लाट गेली असती, स्वर जागच्या जागी राहिले असते, माझी तुलना न्याय्य झाली असती. स्प्रिंगांवर धुळीचा पातळ थर होता आणि मधल्या स्प्रिंगेला कापसाचा बोळा खोचलेला. तो कशासाठी ते मला लगेच कळलं, कारण रिकाम्या तारा झटक्यात थांबवल्या की या स्प्रिंगा मागे किणकिणत राहतात. ती किणकिण दादाच्या कानाला खुपली असणार. म्हणजे त्याने हे झाकण उघडलं होतं, आत हात घातला होता, किणकिण घालवली होती, आणि ब्रिज तसाच तरंगता ठेवला होता. मी बराच वेळ स्क्रूवर टोक ठेवून बसले. राग आला होता, आणि तो नेमका कुणावर ते सांगता येईना. मग झाकण न लावताच गिटार केसमध्ये ठेवली.

त्यानंतरच्या एका सुट्टीला दादा आला. गप्पा झाल्या, जेवणं झाली, मग मी विषय काढला. म्हटलं, "तुला फोनवर कसं कळलं रे?" तो म्हणाला, "अगं, सात-आठ वर्षं भांडलोय मी त्या बेंडशी. न कळून काय होतंय?" मी गिटार त्याच्यापुढे धरली. 'नको' म्हणेल असं वाटलं होतं, पण त्याने घेतली. मी वायर लावली, अ‍ॅम्प सुरू केला, भुंगा आला. आणि एकही तार छेडण्याआधी दादा खुर्चीवर हळूहळू वळायला लागला. डावीकडे, मग उजवीकडे, मग थोडा मागे. खिडकीच्या डाव्या चौकटीपाशी थांबला. त्याला मी कोन सांगितला नव्हता.

मग त्याने विचारलं, "दांडी कुठाय?"

ट्रेमोलो आर्म केसच्या कप्प्यात होता, जुन्या पिकांच्या आणि अ‍ॅलन कीच्या गर्दीत. मी तो कधीच लावला नव्हता. लावला की गिटार बेसूर होते असं ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवून मोकळी झाले होते. दादाने तो फिरवत फिरवत बसवला, दोनदा अलगद दाबून पाहिला, तारा पुन्हा लावल्या. बोटं मऊ पडली होती त्याची, पहिल्या दोन कॉर्डना चेहरा कसनुसा झाला. मग ती फ्रेज आली. बी-वर पाचवा, जी-वर सातवा, तार वर चालली, आणि ती पोचायच्या अगदी आधी उजव्या हाताच्या करंगळीने त्याने दांडी अलगद हलवायला सुरुवात केली. दोन्ही स्वर एकत्र डुलले. कुठला बसला, कुठला चढला, हे वेगळं काढताच येईना, कारण आता सगळंच एका लयीत वरखाली होत होतं. दाराबाहेर बसून ऐकलेला तो थरार तोच होता. मी तो आजवर डाव्या हाताने, बोट थरथरवून आणायला बघत होते, आणि जी तार बसत होती तिला तसंच बसू देत होते.

मी म्हटलं, "हे तू तेव्हाही असंच करायचास?"

"मग? नाहीतर ती जुळतच नाही ना," तो म्हणाला. "पण तुला दारातून काय दिसणार." आणि मला हात नीट दिसावा म्हणून खुर्ची माझ्याकडे फिरवून त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कोन सुटला, भुंगा खोलीभर झाला, आणि त्या भुंग्यातच त्याने तार वर ढकलली.